नेम धरणाऱ्याची झोप

गेल्या डिसेंबरात आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. वसई रोड स्टेशनाबाहेर बस पकडायची आणि किल्ल्यापाशी उतरायचं, एवढाच प्रवास. पण नालासोपाऱ्याच्या चाळींतून येणाऱ्या आमच्या उर्दू शाळेच्या मुलांना तोही सहलीसारखा वाटतो. आत शिरल्यावर मी माझी नेहमीची तबकडी लावली. पोर्तुगीज, चिमाजी आप्पा, १७३९ चा वेढा, सुरुंग, कोसळलेले बुरूज, मराठ्यांची कापली गेलेली हजारो माणसं आणि मे महिन्यातली शरणागती. मुलं ऐकताहेत असं मला वाटत होतं. वळून पाहिलं तर निम्मी पोरं तटावर चढून जंग्यांना डोळा लावून बसलेली.

जंगी म्हणजे तटातलं बंदुकीसाठीचं भोक. आतल्या माणसाला बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्याला आतला दिसू नये, म्हणून ते ठेवलेलं असतं. मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही. एकाने हाताची बंदूक केली होती, दुसरा शेजारी बसून अंतर सांगत होता. "हेडशॉट!" असं ओरडून तिसरा खाली पडला आणि लगेच उठून पुन्हा मरायला तयार झाला. मोबाइलवरच्या खेळातून आलेलं हे सगळं. मी रागावणार होतो, पण हसू आलं. आमच्या लहानपणी आम्हीही काठीची बंदूक करतच होतो.

परतताना बसमध्ये त्यातला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचं नाव मुस्तफा. माझ्या हजेरीपटावर दोन मुस्तफा आहेत, त्यातला हा लहानखुरा. म्हणाला, "सर, अमेरिकन स्नायपर देखा है आपने? उसमें मेरे नाम का बंदा है. व्हिलन है." मोठ्या भावाच्या मोबाइलवर त्याने तो सिनेमा पाहिला होता. हा सिनेमा त्याच्या वयाच्या मुलाने बघण्यासारखा नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने विचारलं, "सर, उस अमेरिकी को घर जाके नींद नहीं आती थी. मुस्तफा को आती थी क्या?"

वीस वर्षं शिकवतोय. मुलांच्या प्रश्नांना काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेण्याची कला बीएडला शिकवत नाहीत, पण ती आपोआप येते. त्या दिवशी ती कामाला आली नाही. "बघून सांगतो," एवढंच म्हणालो. हा लेख म्हणजे ते बघणं.

सिनेमा मी त्या आठवड्यात पुन्हा पाहिला. क्लिंट ईस्टवूड यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१४ सालच्या अखेरीस आला. ख्रिस काइल हा अमेरिकी नौदलाच्या सील दलातला खरा नेमबाज. इराकमध्ये त्याने चार फेऱ्या केल्या आणि त्याच्या नावावर १६० जणांना मारल्याची अधिकृत नोंद आहे. ब्रॅडली कूपरने त्याचं काम केलं आहे आणि ते चांगलं केलं आहे. मला लक्षात राहिले ते घरातले प्रसंग. बायको गरोदर आहे, तिच्या तपासणीला हा बरोबर जातो आणि डॉक्टर सहज म्हणून याचाच रक्तदाब मोजतात. तो निघतो १७० वर ११०. हा म्हणतो, मी ठीक आहे. पुढे एकदा तो खुर्चीत बसून टीव्हीकडे बघतोय, कानावर लढाईचे आवाज येताहेत, आणि कॅमेरा फिरतो तेव्हा कळतं की टीव्ही बंदच आहे. मुलांच्या वाढदिवसाला कुत्रा एका मुलाशी मस्ती करतो, तर हा कुत्र्यावर पट्टा उगारतो. मानसोपचारतज्ज्ञासमोर तो सांगतो की ज्यांना मारलं त्यांचं मला ओझं नाही, ज्यांना वाचवू शकलो नाही त्यांचं आहे.

आता मुस्तफा. सिनेमात हा सीरियाचा ऑलिंपिक नेमबाज आहे, छपरांवरून उड्या मारतो आणि त्याला बोलायला एकही वाक्य दिलेलं नाही. क्षणभर त्याच्या घरात बाई आणि तान्हं मूल दिसतं, तेवढंच. शेवटी काइल त्याला जवळपास दोन किलोमीटरवरून टिपतो. काइलच्या स्वतःच्या पुस्तकात हा मुस्तफा ओझरता येऊन जातो आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. ती लांब पल्ल्याची गोळीही काइलने झाडली होती ती दुसऱ्याच माणसावर, रॉकेट लाँचर घेतलेल्या एकावर. सिनेमाच्या सुरुवातीला तो आधी एका लहान मुलाला आणि मग बाईला मारतो. पुस्तकात बाई आहे, मुलगा नाही. म्हणजे नेमबाजाच्या मनावरचं ओझं दाखवण्यासाठी सिनेमाने एक मूल मारलं, आणि शेवट रंगवण्यासाठी एक शत्रू घडवला. सिनेमावाल्यांना एवढी सूट असतेच. पण माझ्या वर्गातल्या पोराने विचारलं ते त्या घडवलेल्या माणसाविषयी.

आणि काइलचा खरा शेवट पडद्यावरच्या कुठल्याही प्रसंगाहून विचित्र आहे. युद्धातून आलेल्या, मन बिघडलेल्या सैनिकांना तो मदत करू लागला होता. २ फेब्रुवारी २०१३ रोजी टेक्सासमध्ये अशाच एका माजी मरीन सैनिकाला तो मित्राबरोबर नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. त्या सैनिकाने दोघांनाही गोळ्या घातल्या. सिनेमात हे दाखवलेलं नाही. दार बंद होतं आणि एक ओळ येते.

मी भाषेचा शिक्षक. कुठलीही गोष्ट कळली नाही की मी आधी शब्द उचकटून बघतो. 'स्नायपर' हा शब्द इंग्रजांना हिंदुस्थानात सापडला. 'स्नाइप' म्हणजे पाणलावा. वसईकरांना हा पक्षी परका नाही. थंडीत मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या चिखलात लांब चोच खुपसत फिरतो. चिखलाच्याच रंगाचा, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि उडाला की नागमोडी उडतो. कंपनीच्या काळात साहेब लोक त्याच्या शिकारीला जात आणि घरी पाठवलेल्या पत्रांत त्याला 'स्नायपिंग' म्हणत. ज्याला पाणलावा टिपता येतो तो पक्का नेमबाज. पुढे पक्ष्याच्या जागी माणूस आला, शब्द तोच राहिला.

आपला शब्द 'नेमबाज'. यातला 'नेम' आपला आणि 'बाज' फारसीतून आलेला. दोघांनी संसार थाटून इतकी वर्षं झाली की कुणाला कुणाचं माहेर आठवत नाही. मला मात्र 'शिस्त' या शब्दाने चकित केलं. उर्दूत 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणं. मूळ फारसी. जुन्या मराठीतही 'शिस्त' याचा पहिला अर्थ तोफेचा किंवा बंदुकीचा नेम असाच होता. मोल्सवर्थच्या कोशात तो सापडतो. मग त्यातून नीटनेटकेपणा, टापटीप, वळण हे अर्थ आले. म्हणजे रोज सकाळी परिपाठाला मी "शिस्तीत उभे राहा" असं ओरडतो, तेव्हा नकळत बंदुकीचा शब्द वापरत असतो. सैनिक घडवताना हेच करतात. श्वास कसा घ्यायचा, कधी रोखायचा, बोट कधी दाबायचं, हे इतक्या वेळा करून घेतात की मध्ये विचाराला जागाच राहत नाही. विचार नंतर येतो. बऱ्याचदा घरी आल्यावर, रात्री येतो.

इराक म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. पण अमेरिकी नेमबाज तिथे पोहोचले त्याच्या जवळपास ९० वर्षं आधी आपली माणसं तिथे लढली होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला उतरून बसरा घेणारी फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा या भागांतली ही शेतकऱ्यांची पोरं. आणि आजच्या वाचकाला हे सहसा ठाऊक नसतं की त्या काळच्या मराठा पलटणींत दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. ही माणसं घरी दखनी बोलत, गावात मराठी बोलत आणि पलटणीत 'मराठा' म्हणून लढत.

त्यांची लढाई कुणाशी होती? तुर्कांशी, म्हणजे ज्यांच्या सुलतानाला ते खलिफा मानत त्याच्या फौजेशी. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली. इंग्रजी इतिहासात तिचं नाव टेसिफॉन. गावाचं नाव सलमान पाक, कारण पैगंबरांचे साथी सलमान फारसी यांची कबर तिथे आहे. मुसलमान शिपायांच्या मनात चलबिचल नको, म्हणून अधिकाऱ्यांनी जुनं ग्रीक नावच चालवलं. नाव बदलल्याने कबर हलत नाही आणि शिपायाला दिसायचं ते दिसतंच. ते लढले. त्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. फौज मागे हटून कुत अल अमारा या गावात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असा १४७ दिवसांचा वेढा. घोडे कापून खायची वेळ आली. हिंदू आणि मुसलमान शिपायांनी ते मांस नाकारलं, तेव्हा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तशी परवानगी मागवून घ्यावी लागली. रक्तपिती झाली. शेवटी १३ हजारांच्या आसपास माणसं शरण गेली आणि त्यांतली हजारो कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत मेली.

कुतमध्ये स्नायपर होतेच, नदीच्या पलीकडच्या काठावर. गावाला पाणी तिग्रिसचं, आणि पाणी आणायला जायचे भिश्ती. 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग, पाणी पाजणारा तो बिहिश्ती, त्याचा आपण भिश्ती केला. पखाल घेऊन वाकलेला माणूस हे सोपं लक्ष्य असतं. हातात शस्त्र नसलेली ही माणसं नदीकाठी टिपली गेली. बसरा स्मारक ४० हजारांहून अधिक मृतांच्या स्मरणार्थ आहे, त्यांत हिंदुस्थानच्या शिपायांची गणती मोठी आहे.

आता घरातली एक गोष्ट सांगतो. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, वडील नोकरीसाठी इकडे आले. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले होते. म्हणजे माझ्या दादीचे चुलत सासरे. घरात त्यांना 'बसरेवाले बाबा' म्हणत. दादी लग्न होऊन घरात आली तेव्हा ते पन्नाशीत होते. तिला पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली की संध्याकाळी बाबा ओसरीवर असताना काडी ओढायची नाही. कंदील आतल्या खोलीत पेटवायचा, काच लावायची, वात कमी करायची आणि मग बाहेर आणायचा. एकदा गावातले दोघं ओसरीवर एकाच काडीने विड्या पेटवायला लागले, तर बाबांनी झडप घालून दोघांनाही खाली पाडलं. एकाचं डोकं उंबऱ्याला लागलं. तेव्हापासून लोक संध्याकाळचे आमच्याकडे बसायला येईनासे झाले.

गावाने आपल्या परीने याचा अर्थ लावला. बाहेरचं झालंय, वाळवंटातलं काहीतरी मागे लागून आलंय. ताईत बांधले, दर्ग्यावर नेलं, शेजारच्या मारुतीलाही नारळ फोडून झाला. बाबा मुकाट्याने सगळं करून घेत. दादी सांगायची, माणूस फार मऊ होता, फक्त उजेडाला भ्यायचा.

मी हे लहानपणी भुताच्या गोष्टीसारखं ऐकलं. खंदकांतल्या आयुष्याविषयी वाचलं ते फार नंतर, नोकरी लागल्यावर. रात्री काडी ओढली की समोरच्या नेमबाजाला ठिकाण कळतं, म्हणून त्या काळच्या शिपायांत एका काडीवर तिघांनी सिगारेट पेटवू नये असा समज होता. पहिल्याला तो बघतो, दुसऱ्याला नेम धरतो आणि तिसऱ्याला गोळी लागते. ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. बाबांच्या मागे कुठलं भूत नव्हतं. पलीकडच्या काठावर एक माणूस होता, आणि तो तीस वर्षांनी, साताऱ्यातल्या ओसरीसमोरही बसलेला होता. बाबा त्या दोघांना मारायला धावले नव्हते, वाचवायला धावले होते. हे गावात कुणालाच कळलं नाही, ज्याचं डोकं फुटलं त्यालाही नाही.

बाबांना चांदीचं एक पदक मिळालं होतं. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असे. घरात कुणाच्या तरी लग्नाच्या वेळी ते चांदी म्हणून मोडीत गेलं. मी कुणाला दोष देत नाही. लग्नाला पैसे लागतात.

त्या काळी डॉक्टरांना हे कळत होतं का? थोडं थोडं कळायला लागलं होतं. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असा पहिला समज. मग लक्षात आलं की ज्यांच्याजवळ गोळा पडलाच नाही त्यांचेही हात कापताहेत, वाचा जातेय. सगळ्यांना सहानुभूती मिळाली असं नाही. पळपुटेपणा किंवा भ्याडपणासारखे ठपके ठेवून ब्रिटनने आपल्या तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली.

गोऱ्या सैनिकाची ही कथा, तर आपल्या शिपायाकडे कोण बघणार? तो 'लढवय्या जातीचा', त्याला कसल्या नसा आणि कसलं मन, असा समज. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या हाताला जखमा फार दिसतात, म्हणजे स्वतःच गोळी मारून घेतात, अशी कुजबुज सुरू झाली. ब्रायटनच्या किचनर हॉस्पिटलमधल्या कर्नल ब्रूस सेटन यांनी १,००० जखमा तपासल्या आणि स्वतः गोळी मारून घेण्याच्या त्या संशयाला आधार सापडत नाही, असा निष्कर्ष काढला. त्याच काळात शिपायांची घरी जाणारी पत्रं सेन्सॉर वाचत असे. शिपाई आडून लिहीत. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरी. काळी मिरी संपत आली असं कुणी लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. मन मोडल्याची बातमी अशी मसाल्याच्या डब्यातून गावाला पोहोचायची.

आणि एक शब्द तर महाराष्ट्रानेच इंग्रजीला दिला. नाशिकजवळचं देवळाली. आज तिथे तोफखान्याची शाळा आहे, हवा छान आहे, दिलीपकुमार लहानपणी तिथल्या बार्न्स स्कूलमध्ये शिकले. इंग्रजांच्या काळी तिथे मोठा संक्रमण तळ होता. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबत. जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च चालत. मार्चनंतर जो आला त्याने उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढायचा. काम नाही, लढाई नाही, घर नाही. माणसं बिघडायची, दारू पिऊन दंगा करायची, भ्रमिष्टासारखी वागायची. त्याला ते म्हणू लागले 'डुलाली टॅप'. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप, उर्दूतला 'तप'. आजही इंग्लंडात वेड्याला 'डुलाली' म्हणतात आणि म्हणणाऱ्याला माहीत नसतं की आपण नाशिक रोडच्या अलीकडच्या स्टेशनाचं नाव घेतोय.

मला या शब्दात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही माणसं लढताना बिघडली नाहीत, लढाई संपल्यावर, वाट बघताना बिघडली. काइलच्या सिनेमातही तेच आहे. छपरावर त्याचा हात स्थिर असतो, दिवाणखान्यात कापतो.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट आपल्या जवळच्या जिल्ह्यातली. रायगडच्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक. १० जुलै १९४४, इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. हातगोळा टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. आणि मग लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या आठवणीसाठी सूर्यघड्याळ उभारलं.

माणगावातून जाताना मी तो पुतळा पाहिला आहे. तेव्हा छाती भरून आली होती. आता त्या मुलाच्या प्रश्नानंतर मनात दुसरं काहीतरी येतं. ती गोळी चुकली असती आणि घाडगे गावी परतले असते, तर? हार घातले असते, मिरवणूक निघाली असती. पण दोन माणसांना हाताच्या अंतरावरून, दस्त्याने मारल्याची आठवण रात्री कुणाला सांगितली असती? कुणी विचारलं असतं, यशवंता, झोप लागते का रे? आपण शूराला पुतळा देतो. त्याची विचारपूस करायची आपल्याला सवय नाही. आणि ज्याने पलीकडून नेम धरला, त्या जर्मन पोराचं नाव कुठल्याच दगडावर नाही. तो वाचला असेल तर त्याच्याही घरी कुणी विचारलं नसेल.

शास्त्र पुढे गेलं आहे. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्यामुळे १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत पीटीएसडी हा आजार म्हणून नोंदला गेला. नंतर जोनाथन शे या डॉक्टरांनी 'नैतिक जखम' ही कल्पना मांडली. भीतीने होणारी इजा वेगळी, आणि आपण जे केलं किंवा आपल्याकडून करवून घेतलं गेलं ते आपल्याच विवेकाला न पटल्याने होणारी इजा वेगळी. नेमबाजाच्या बाबतीत ही दुसरी जास्त कळीची. तोफ डागणाऱ्याला नकाशा दिसतो, वैमानिकाला छपरं दिसतात. नेमबाजाला दुर्बिणीतून चेहरा दिसतो. तो माणूस चहा पितोय, कान खाजवतोय, कुणाशी हसतोय. नेता बार आणि एयाल बेन-आरी या दोन इस्रायली संशोधकांनी आपल्याच सैन्यातल्या स्नायपरांशी बोलून २००५ साली एक अभ्यास छापला. त्यात दिसलं की नेमबाज समोरच्याला सरसकट जनावर मानत नाहीत. तो माणूस आहे, त्याला घर आहे, हे जाणूनही ते गोळी झाडतात. हे मला वाचवेना. समोरच्याला माणूस न मानता मारणं समजू शकतं, ती जुनी युक्ती आहे. माणूस मानून मारायचं आणि मग घरी जाऊन जेवायला बसायचं, हे कसं पेलायचं?

आपल्याकडेही दारं उघडताहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सेवा आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. पुण्यातच, जिथली डिव्हिजन बसऱ्याला गेली होती. बसरेवाल्या बाबांना हे शंभर वर्षं उशिरा झालं. पण आज कुणाच्या घरी निवृत्त फौजी काका, मामा असतील, रात्री उठून दाराची कडी तपासत असतील, तर तो क्रमांक जवळ ठेवा. आणि त्याआधी शेजारी बसून विचारा. आवाजावरून, उजेडावरून ते चिडले तर राग मानू नका.

सुट्टीनंतर वर्गात मी हे सगळं सांगितलं. बाबांची काडी, देवळालीचा ताप, माणगावचे घाडगे. खेळातल्या हेडशॉटवर मी भाषण दिलं नाही, कारण भाषणाने काय होतं हे मला माहीत आहे. मग मराठीच्या तासाला निबंध दिला: 'लढाईवरून घरी आलेल्या माणसाची रात्र', दहा ओळी. माणूस कुठला, कुणाच्या बाजूचा, ते तुम्ही ठरवा.

बहुतेकांनी भारतीय सैनिक घेतला. एकाने तुर्की भिश्ती घेतला, जो मी सांगितलाच नव्हता, पण गुण दिले. मुस्तफाने अर्थातच मुस्तफाला घेतलं. उर्दू माध्यमाच्या मुलाचं मराठी, त्यामुळे लिंगाची ओढाताण सगळीकडे. त्याने लिहिलं होतं की मुस्तफा घरी येतो, बाळ झोपलेलं असतं. बायको विचारते, पंखा लावू का? तो म्हणतो नको, पंख्याचा आवाजमध्ये जिन्यावरचा आवाज कळत नाही. मग बायको पण गरमीमध्ये जागी राहते. शेवटची ओळ: 'बाळाला झोप येतो, त्या दोघांना नाही येतो.'

मी 'येतो'चं दोन्हीकडे 'येत' आणि 'येते' करून दिलं, 'आवाजमध्ये'चं 'आवाजात' केलं. बाकी वहीत काही लिहिलं नाही. वही परत घेताना त्याने विचारलं, "सर, बरोबर है?" मी म्हणालो, "हो, बरोबर आहे."